रोग्यास आधीं सांगावें कीं आधीं विचारावें?

कल्याण सोडून कर्जतकडे जाणारी लोकल गाडी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांवरून लागोपाठ जाते. तिन्ही गांवांची कुळकथा निराळी आहे. उल्हासनगर ही पूर्वीं लष्कराची छावणी होती. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या लोकांस तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस आजचें नांव पडलें. अंबरनाथास इ. स. १०६० सालचें, शिलाहार राजांच्या वेळचें शिवालय आहे, आणि त्याच गांवांत पुढें सरकारी शस्त्रांचा कारखाना व इतर अनेक कारखाने उभे राहिले. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें, जांभळांबद्दल नांवाजलेलें गांव; भोंवतीं भातशेती करणाऱ्यांचीं व आदिवासी लोकांचीं खेडीं. परंतु आज या तिन्ही गांवांतील पुष्कळांची दिनचर्या एकसारखी झाली आहे. पहाटेची गाडी, मुंबईपर्यंत दीड तासाचा उभ्यानें प्रवास, दिवसभर बसून काम, वाटेंत वडापाव व गोड चहा, रात्रीं उशिरां जेवण आणि अपुरी झोंप. ज्यांच्या आजोबांनीं गुडघाभर चिखलांत भाताची लावणी केली त्यांचे नातू आज खुर्चीवर आठ तास बसतात. या पालटाबरोबर एक रोग घरोघर शिरला आहे. वैद्यकांत त्यास मधुमेह म्हणतात. आपले लोक त्यास नुसतें 'शुगर' म्हणतात. त्याच्या जोडीनें पुष्कळदां लठ्ठपणा येतो.

खेड्यांतील आमचे वाचक म्हणतील, हा गाडीच्या रस्त्यावरचा रोग आहे, आम्हांस त्याचें काय? परंतु तसें राहिलेलें नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें सर्व राज्यांत झालेल्या पाहणीचा वृत्तान्त २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तींत देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, असा अंदाज दिला आहे. मधुमेह झालेल्यांचें प्रमाण शहरांत अधिक आहे. परंतु उंबरठ्यावर उभे असलेल्यांच्या बाबतींत शहर व खेडें यांत फारसें अंतर उरलेलें नाहीं. म्हणून हा विषय आपणां सर्वांचा आहे.

या रोगाच्या औषधांविषयीं लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. तें काम डॉक्टरांचें. आम्हांस एका नीतीच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जो दुसऱ्यास बरें करूं पाहतो, त्यानें रोग्यास आधीं आज्ञा करावी, कीं आधीं विचारावें? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळांचे डोळे, पाय व प्राण अवलंबून आहेत. आणि उपदेशकहो, तो तुमच्याहि कामाशीं जडलेला आहे. कां तें पुढें दिसेल.

बदलापुराजवळच्या एखाद्या खेड्यांतील पन्नाशीची एक बाई मनापुढें आणा. ही कोणी ठराविक बाई नव्हे. अशा पुष्कळ आहेत. सूर्य उगवण्यापूर्वीं ती घरून निघते, सहा आसनांच्या रिक्षांतून स्टेशनास येते, आणि शहरांतील दवाखान्यांत तीन तास रांगेंत बसते. शेवटीं तिचा नंबर लागतो. डॉक्टर कागद पाहतात, मग तिच्या देहाकडे पाहतात, आणि म्हणतात, "मावशी, वजन किती वाढलंय बघा! भात बंद, बटाटा बंद, गोड बंद. रोज तासभर चालायचं. ऐकलं नाहीं तर एक दिवस पाय कापावा लागेल." बाई म्हणते, "होय साहेब." दार उघडतें, दुसरा रोगी आंत येतो.

त्या "होय साहेब" मध्यें किती गोष्टी दबून राहिल्या त्या पाहा. घरीं दोन्ही वेळां भातच शिजतो, कारण शेतांत व रेशनवर तोच मिळतो, हें तिनें सांगितलें नाहीं. मुलाची रात्रपाळी असल्यामुळें घरचें जेवण अकरा वाजतां होतें, हें सांगितलें नाहीं. महिनाअखेर पैसे संपतात म्हणून ती दोन गोळ्यांऐवजीं एकच घेते, हें सांगितलें नाहीं. शेजारणीच्या सांगण्यावरून ती जांभळाच्या बियांची पूड घेते, तेंहि सांगितलें नाहीं, साहेब रागावतील. तळपायांची आग होते, हें सांगावयास वेळ मिळाला नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, तिच्या बहिणीला इन्सुलिनची सुई सुरू झाली व थोड्याच महिन्यांत ती वारली, म्हणून हिला सुईचें नांव काढलें तरी कांपरें भरतें. हें तिनें कोणालाच कधीं सांगितलें नाहीं. बाहेर येऊन ती कागदाची घडी करते, पदराच्या गांठीस बांधते, आणि सहा महिने तिकडे फिरकत नाहीं. डॉक्टरांच्या वहींत लिहिलें जातें, रोगी सांगितलेलें ऐकत नाहीं.

येथें दोष कोणाचा? डॉक्टर दुष्ट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. बाहेर रांग उभी असते, आणि एका मनुष्यास दोनच हात असतात. २०१७ सालीं ६७ देशांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सामान्य दवाखान्यांत डॉक्टर एका रोग्यास किती वेळ देतात हें पाहिलें होतें. स्वीडन देशांत हा वेळ २२ मिनिटांहून अधिक निघाला; आपल्या देशांत तो सुमारें दोन मिनिटें निघाला. दोन मिनिटांत मनुष्य हुकूम करील, नाहीं तर काय करील?

तरी वेळ नाहीं ही सबब संपूर्ण नाहीं. अमेरिकेंत १९८४ सालीं डॉक्टर व रोगी यांचीं संभाषणें टिपून पाहिलीं, तेव्हां असें दिसलें कीं, रोगी आपलें गाऱ्हाणें सांगूं लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्यास मध्येंच थांबवीत. पुढें स्वित्झर्लंडमधील बाझल येथें उलट करून पाहिलें. रोग्यास न अडवितां बोलूं दिलें. तेव्हां त्याचें सांगणें सरासरी दीड मिनिटांत आपोआप संपलें, व पांचांपैकीं जवळजवळ चौघांचें दोन मिनिटांच्या आंत संपलें. हा वृत्तान्त २००२ सालचा आहे. म्हणजे ज्या ऐकण्यास आपण महाग समजतों त्याची किंमत थोडकी आहे. न ऐकण्याची किंमत मात्र पुढें पायाच्या जखमेंत व डोळ्याच्या अंधारांत चुकती करावी लागते.

आतां न विचारतां बोलल्यानें कोणत्या चुका होतात त्या पाहूं. पहिली चूक बाहेरील रूपावरून न्याय करण्याची. लठ्ठ मनुष्य दिसला कीं आपण मनांत म्हणतों, हा खादाड आहे, आळशी आहे. सडपातळ मनुष्य दिसला कीं म्हणतों, यास रोग कसा असेल? या दोन्ही समजुती खोट्या आहेत, हें दाखविण्यांत आपल्या महाराष्ट्रांतील एका संशोधकाचा मोठा वांटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपली व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें होतें. निर्देशांक दोघांचाहि २२.३. परंतु चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या अंगांत ती ९.१ टक्के निघाली, आणि याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के. कांटा जें सांगत नव्हता तें देहाच्या आंत दडलेलें होतें. म्हणूनच भारतीय लोकांसाठीं हा निर्देशांक २३ झाला कीं वजन अधिक, व २५ झाला कीं लठ्ठपणा, असें धरतात. आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर झाला कीं सावध व्हावें असें सांगतात.

हें असें कां व्हावें? याज्ञिक व त्यांच्या सोबत्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व पुढें त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकें इंग्रज अर्भकांपेक्षां वजनानें पुष्कळ कमी होतीं. परंतु त्यांच्या अंगावर मांस कमी व त्या मानानें चरबी अधिक होती. मातेच्या पोटांत असतांना जें पोषण कमी पडलें त्याचा शेर पुढें साखरेच्या रोगांत दिसतो, असें या अभ्यासांवरून पुष्कळ विद्वान मानूं लागले आहेत. जी माता दिवसभर रानांत राबली, जिनें सर्वांस वाढून उरलेलें खाल्लें, तिचें मूल देहांत टंचाईची आठवण घेऊन जन्मास आलें. आणि पुढें त्याच मुलास शहरांत तेलकट व गोड अन्न स्वस्त मिळूं लागलें. आतां सांगा, या रोगांत पाप कोणाचें?

हा प्रश्न नवा नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एक जन्मांध मनुष्य दिसतांच शिष्य प्रभूला हेंच विचारतात कीं, यानें पाप केलें कीं याच्या आईबापांनीं? प्रभूनें दोन्ही नाकारलें. त्यानें दोष शोधण्याचें सोडून त्या मनुष्यास हात लाविला. आपल्या देशाच्या जुन्या वैद्यांसहि ही गोष्ट अगदींच अज्ञात नव्हती. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत; एक जन्मतः आलेला, व दुसरा अपथ्यानें जडलेला; आणि पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असें म्हटलें आहे. सर्व भार खाणाराच्या माथीं टाकूं नये, इतका विवेक तेव्हांहि होता.

दुसरी चूक अशी कीं, रोगी हा आज्ञा पाळणारा नोकर आहे असें समजणें. हिंवताप आला तर थोडे दिवस औषध दिलें कीं काम झालें. मधुमेह तसा नाहीं. तो जन्माचा सोबती आहे. वर्षाचे तास ८,७६०. रोगी वर्षांतून चार वेळां दहा दहा मिनिटें डॉक्टरांसमोर बसला तरी तो एक तासहि भरत नाहीं. उरलेले सारे तास त्याचा वैद्य तोच असतो. ताटांत काय वाढावें, गोळी केव्हां घ्यावी, पायाला लागलेला कांटा पाहावा कीं दुर्लक्ष करावें, हें सर्व तोच ठरवितो. ज्याच्या हातांत उपचार आहे त्याचें मन न वळवितां केवळ त्याचे कान भरले, तर बीं वाटेवर पडलें असें समजावें.

लठ्ठपणाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. मनुष्य वजन उतरवूं लागला म्हणजे देह त्यास दुष्काळ समजतो; भूक वाढवितो आणि शक्तीचा खर्च कमी करतो. म्हणून पांच किलो उतरवून पुन्हां चार किलो चढलेला मनुष्य दुबळ्या मनाचाच असतो असें नाहीं. तो स्वतःच्या देहाशीं झुंजत असतो. झुंजणाऱ्यास टोमणा मारला तर तो शस्त्र खालीं ठेवतो. लाज वाटलेला रोगी दवाखाना टाळतो, वजनकाट्यावर चढत नाहीं, आणि दुःखानें पुन्हां खाण्याकडेच वळतो. लाज हें औषध असतें तर आजवर सारा देश बरा झाला असता.

आतां कोणी विचारील, तर मग सत्य सांगूंच नये काय? रोग्याचें मन राखण्यासाठीं त्यास गोड बोलून घरीं पाठवावें काय? मुळींच नाहीं. ही तिसरी चूक आहे, आणि ती पहिल्या दोन्हींइतकीच घातक आहे. "थोडीशी शुगर आहे, काळजी करूं नका," असें ज्यास सांगितलें तो मनुष्य दहा वर्षें निश्चिंत राहतो, व पुढें त्यास कळतें कीं मूत्रपिंडें निकामी होत चाललीं आहेत. हें प्रेम नव्हे. हा आळस आहे. सत्य सांगितलेंच पाहिजे. प्रश्न इतकाच कीं तें कोणत्या वाटेनें सांगावें.

नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तो त्याचें पाप सांगावयासच गेला होता. परंतु त्यानें दारांतून आरोळी मारली नाहीं. त्यानें राजापुढें एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट ठेविली व निवाडा राजाच्याच तोंडून घडूं दिला. आणि मग कांहीं एक न लपवितां तो मनुष्य तूंच आहेस असें त्यास सांगितलें. दावीद फिरला, कारण निवाडा त्याचा स्वतःचा होता. याच्या उलट ईयोबाचे मित्र पाहा. ते आले, त्याच्याबरोबर सात दिवस व सात रात्री भूमीवर मुकाट्यानें बसले. तोंवर ते उत्तम वैद्य होते. नंतर त्यांनीं तोंड उघडलें, आणि न विचारतां निदान केलें कीं, तूं पाप केलें असशील. त्यांच्या पुष्कळ वचनांत धर्म होता, पण ईयोबाच्या एकाहि जखमेवर फुंकर पडली नाहीं. आणि शेवटीं देवानें त्यांनाच दोष दिला.

आणखी एक आक्षेप वजनदार आहे. देह हें देवाचें मंदिर आहे असें पौल शिकवितो; तर मनुष्य आपल्या देहाविषयीं जबाबदार नाहीं काय? अधाशीपणा हें पाप नव्हे काय? आहे, आणि जो निरोगी असून देवाच्या देणगीची नासाडी करतो त्याला ही गोष्ट सांगावी. परंतु जबाबदारी म्हणजे काय याचा विचार करा. आपल्या भाषेंत तिला उत्तरदायित्व असाहि शब्द आहे. ज्यास उत्तर देण्याची पाळी कधीं येतच नाहीं त्याच्या अंगीं उत्तरदायित्व कोठून येणार? जो दटावतो तो रोग्यास लेंकरूं समजतो. लेंकरूं समोर होय म्हणतें व पाठीमागें खाऊ लपवितें. जो विचारतो तो त्यास मनुष्य समजतो, आणि मनुष्यास उत्तर द्यावें लागतें. म्हणून विचारण्यानें जबाबदारी कमी होते हा समज खरा नाहीं. तिचा आरंभच विचारण्यानें होतो. हेंच आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे.

आतां तीच बाई पुन्हां त्याच रांगेंतून आंत आली असें समजा, व तीच दोन-चार मिनिटें निराळ्या रीतीनें गेलीं असें समजा.

"बसा मावशी. लांबून आलां ना? आज काय सांगायचंय तुम्हांला?"

"पायांची आग होते, साहेब. रात्रीं झोंप लागत नाहीं."

डॉक्टर तिचे पाय पाहतात, तळव्यास बोट लावून कळतें का तें विचारतात. मग म्हणतात, "या आगीचं आणि शुगरचं नातं आहे. वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का तुम्हांला?" बाई मान हालविते. "काल दिवसभर काय काय जेवलांत तें सांगा बरं, मी रागावणार नाहीं." ती सांगते. "गोळ्या रोज जमतात घ्यायला, कीं मधूनच राहतात?" येथें ती थबकते, आणि अर्ध्या गोळ्यांची गोष्ट व जांभळाच्या पुडीची गोष्ट दोन्ही बाहेर येतात. डॉक्टर म्हणतात, "सांगितलंत तें फार बरं केलंत. त्या पुडीनं गोळीचं काम होत नाहीं. गोळी अर्धी करूं नका. सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळते का तें आपण पाहूं. आतां तुम्हीच सांगा, या महिन्यांत काय बदलणं जमेल?"

बाई विचार करते. "रात्रींचा भात निम्मा करीन. वरण आणि भाजी जास्त घेईन. चहा चार वेळां होतो, तो दोन वेळां घेईन."

"ठीक आहे. घरीं गेल्यावर सुनेला काय सांगाल तें मला एकदां सांगा." ती सांगते, एक गोष्ट चुकते, ती डॉक्टर सुधारतात. उठतां उठतां ती म्हणते, "साहेब, मला सुई तर नाहीं ना देणार? माझी बहीण सुईनंच गेली." आतां डॉक्टरांस कळतें कीं ही बाई इतके दिवस कशास भीत होती. ते समजावितात कीं, बहीण सुईनें गेली नाहीं, रोग फार पुढें गेल्यावर सुई सुरू झाली असेल. आणि वेळेवर घेतलेलें इन्सुलिन प्राण घेत नाहीं, वांचवितें.

या भेटींत आज्ञा एकच होती, गोळी अर्धी करूं नका; बाकी सारें बाईच्या तोंडून आलें. सत्य लपविलें गेलें नाहीं. रोग भातानें एका महिन्यांत जाणार नाहीं हें दोघांसहि ठाऊक आहे. परंतु ही बाई पुढच्या महिन्यांत परत येईल. आणि ज्या रोगांत जन्मभर चालावयाचें आहे, त्यांत परत येणें हेंच अर्धें औषध आहे.

ही केवळ गोड कल्पना आहे असें कोणी समजूं नये. चेन्नई येथें मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांस वारंवार भेटून, विचारपूस करून, खाण्यांत व चालण्यांत बेतानें बदल करावयास साहाय्य केलें. २००६ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. ज्यांस असें साहाय्य मिळालें त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण इतरांपेक्षां २८.५ टक्क्यांनीं कमी झालें, म्हणजे मेटफॉर्मिन या औषधानें जितकें झालें जवळजवळ तितकेंच. इंग्लंड व स्कॉटलंड येथील साध्या दवाखान्यांत, रोग जडून सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या जड वजनाच्या रोग्यांस ठराविक आहार व सतत आधार दिला; २०१७ सालच्या वृत्तान्तानुसार वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधांवांचून ताब्यांत आली होती. तें सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झालें. हें वाचून कोणीं आपल्या मनानें गोळ्या बंद करूं नयेत. परंतु निराशेस जागा नाहीं, आणि सोबत ही मोठी शक्ति आहे, इतकें यावरून निश्चित होतें.

उपदेशकहो, आतां तुमच्याकडे वळतों. तुम्ही घरोघर जातां. लोक डॉक्टरांस जें सांगत नाहींत तें तुम्हांस सांगतात. म्हणून तुमच्या तोंडच्या शब्दाचें ओझें मोठें आहे. मंडळींतील एखादी जाड बहीण आली कीं तिच्या देहावरून थट्टा होते व सारे हंसतात. ती थट्टा तुम्ही थांबवावी. ज्या घरीं मधुमेह आहे तेथें गोड चहाचा आग्रह झाला तर बिनसाखरेचा मागून घ्यावा. म्हणजे घरधन्यासहि तो मागण्याची लाज वाटणार नाहीं. सणाच्या प्रीतिभोजनांत भाजी, वरण व उसळ भरपूर ठेवावी.

आणि एक गोष्ट कठोरपणें सांगणें अवश्य आहे. प्रार्थनेनें बरें झालें असें म्हणून कोणाचें इन्सुलिन बंद करावयास लावूं नका. लहान मुलांस होणाऱ्या मधुमेहांत अंगांत इन्सुलिन तयार होत नाहीं. तें बाहेरून न मिळाल्यास मूल थोड्याच दिवसांत दगावूं शकतें. १९२१ सालीं टोरांटो येथें या औषधाचा शोध लागला व १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम चौदा वर्षांच्या एका मुलास टोंचलें. त्यापूर्वीं अशा मुलांच्या आईबापांपुढें मरणाची वाट पाहण्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. किती प्रार्थनांचें उत्तर त्या लहानशा बाटलींत आहे! तिचा धिक्कार करणें हा विश्वास नव्हे. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, आणि पौलानें त्यास प्रिय म्हटलें आहे.

जामखेडचें उदाहरण आपल्या मंडळ्यांस ठाऊक असावें. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील त्या दुष्काळी भागांत काम आरंभिलें. त्यांनीं गांवोगांवच्या बायकांस, त्यांत पुष्कळ निरक्षर व दलित, आरोग्यसेविका म्हणून शिकविलें. शेजारणीनें शेजारणीस विचारावें, ऐकावें व सांगावें, ही त्या कामाची रीत. आज सरकारनेंहि आशा सेविका नेमल्या आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व साखर यांविषयीं तपासणी व्हावी अशी योजना आहे, आणि आशाताई टेप घेऊन कंबरेचा घेर मोजते. ती दारीं आली तर तिला परत पाठवूं नका. उपासनेनंतर मंडळीस सांगा कीं, तिशीपुढील प्रत्येकानें तपासून घ्यावें; सडपातळ असेल त्यानेंहि. ज्यांस रोग आहे त्यांनीं वर्षांतून एकदां डोळे तपासावे, आणि रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत आपले तळपाय पाहावे. दवाखान्यांत जातांना तीन गोष्टी चिठीवर लिहून न्याव्या: काय दुखतें, कोणतें औषध खरोखर घेतों, आणि कशाची भीति वाटते. डॉक्टरांनीं विचारलें नाहीं तरी ती चिठी त्यांच्यापुढें ठेवावी. ज्यास लिहितां येत नाहीं त्याची चिठी उपदेशकानें लिहावी.

शेवटीं बेथेस्दाच्या तळ्याकडे पाहूं. तेथें अडतीस वर्षें आजारी असलेला एक मनुष्य पडला होता. प्रभु त्याच्याजवळ आला. तो किती वर्षें तेथें पडला आहे हें प्रभूस ठाऊक होतें, असें योहान स्पष्ट लिहितो. तरी त्यानें प्रथम त्यास विचारलें कीं, बरें होण्याची तुझी इच्छा आहे काय? त्या मनुष्यानें सरळ होय म्हटलें नाहीं. त्यानें आपलें गाऱ्हाणें सांगितलें कीं, मला तळ्यांत सोडावयास कोणी नाहीं, मी जातों तों दुसरा माझ्या आधीं उतरतो. प्रभूनें तें पुरतें ऐकून घेतलें. त्यानंतर आज्ञा झाली, आणि तो उठला. बार्तीमय आंधळाच होता, त्यास काय हवें हें उघड दिसत होतें. तरी त्यालाहि प्रभूनें विचारलें.

ज्यास सर्व ठाऊक होतें त्यानें विचारलें. आपणांस तर थोडेंच ठाऊक असतें, आणि आपण विचारल्यावांचून सांगूं लागतों. डॉक्टर असो, परिचारिका असो, आशाताई असो, कीं उपदेशक असो, आजाऱ्याच्या खाटेशीं बसतांना ही एक गोष्ट आपण प्रभूपासून शिकूं या. आणि या आठवड्यांत आपल्या गांवांत ज्यांच्या घरीं हा रोग आहे अशा एकाकडे तरी जाऊं या. उपदेश घरीं ठेवून जाऊं, आणि कसें चाललें आहे तें विचारून, उत्तर संपेपर्यंत बसूं.